शेकरूसाठी तीन काळांचा नकाशा हवा

माननीय वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
यांस,



शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ मध्ये मुख्यतः त्याच्यासाठी राखले गेले. पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत मिळून ते सुमारे १३० चौरस किलोमीटर भरते. शेकरू आज कुठे दिसते, घरटी कुठल्या झाडांवर आहेत, हे पाहायचे आणि त्याभोवती हद्द आखायची, ही आपली संरक्षणाची रीत आहे. ती तेव्हा योग्य होती, पण आता अपुरी पडते आहे, कारण ज्या हवामानाच्या भरवशावर ती हद्द आखली ते हवामानच जागेवर राहिलेले नाही. शेकरू पूर्वी कुठे राहत होते, आज कुठे राहू शकते आणि पुढल्या पन्नास वर्षांत कुठे राहू शकेल, असे तीन काळांचे नकाशे आपल्या खात्याने करून घ्यावेत आणि त्यांच्या आधाराने सह्याद्रीतली झाडी फांदीला फांदी लागून कुठे राखायची ते ठरवावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आपण राज्य वन्यजीव मंडळाचे उपाध्यक्षही असता, म्हणून ते आपल्यालाच लिहिले आहे.

असा नकाशा होतो कसा, ते थोडे तपशिलात सांगायला हवे, कारण त्याची ताकद आणि त्याची मर्यादा दोन्ही त्या कृतीतच आहेत. शेकरू खात्रीने जिथे जिथे दिसले त्या जागांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे. मग त्या प्रत्येक जागेचे हवामान पाहायचे: सर्वांत उष्ण महिन्यात पारा कुठवर जातो, सर्वांत कोरड्या तीन महिन्यांत किती पाऊस पडतो, वर्षभरात पाऊस किती असमान पडतो. अशी एकोणीस मोजमापे ‘वर्ल्डक्लिम’ नावाच्या संचात साऱ्या जगासाठी तयार मिळतात, साधारण एक किलोमीटरच्या चौकटींत. भोवतालच्या मुलुखातल्या हजारो चौकटींपेक्षा शेकरूच्या चौकटी कशात वेगळ्या आहेत, ते संगणक शोधतो आणि प्रत्येक चौकटीला शून्य ते एक असा गुण देतो. यालाच अधिवासयोग्यता म्हणतात. २००६ मध्ये स्टीव्हन फिलिप्स, रॉबर्ट अँडरसन आणि रॉबर्ट शापायर यांनी मांडलेली ‘मॅक्सेंट’ ही यातली सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत. प्राणी एखाद्या जागी नाहीच, हे दाट जंगलात कोणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. ‘मॅक्सेंट’ला प्राणी असल्याच्या नोंदी पुरतात, म्हणून पर्जन्यवनातल्या लाजऱ्या प्राण्यांसाठी ती सोयीची ठरली. एकदा हे नाते हाती आले की हवामानाची पाटी बदलता येते. २१ हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगाच्या ऐन भरातले हवामान घातले की भूतकाळ दिसतो. २०५० किंवा २०७० चे, कर्बवायूंच्या उत्सर्जनाच्या वेगवेगळ्या अंदाजांप्रमाणे काढलेले हवामान घातले की भविष्य दिसते.

पण कोणते मोजमाप घातले यावर नकाशा सर्वस्वी ठरतो, आणि सह्याद्रीत इथेच फसगत होते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या वाईला त्याचा पाचवा हिस्साही पडत नाही. एवढ्या तीव्र उतारावर पर्जन्यमापक मात्र मोजकेच. त्यांच्या मधल्या चौकटी गणिताने भरलेल्या असतात आणि घाटमाथ्याच्या कडेला हे गणित सहज चुकते. दुसरी बाब याहून मोठी आहे. पश्चिम घाटात दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना पावसाचा आकडा तेवढा घटत नाही, पण कोरडा काळ लांबत जातो. केरळच्या दक्षिण टोकाला तो दोन-तीन महिन्यांचा, तर आपल्या उत्तर सह्याद्रीत सात-आठ महिन्यांचा असतो. भीमाशंकरचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो आणि त्यानंतर त्या जंगलाला पुढल्या जूनपर्यंत तग धरायचा असतो. म्हणूनच तिथे दक्षिणेतल्यासारखे उत्तुंग वृक्ष नाहीत. अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचे ठेंगणे, दाट, सदाहरित छत्र आहे. शेकरू त्यातच राहते: मागच्या पायांनी फांदीला उलटे लटकून, पुढच्या दोन्ही पायांत फळ धरून खाते, आणि फळ संपले की फुले, कोवळी पाने, बिया, झाडाची साल अशा ज्या त्या मोसमात मिळेल त्यावर निभावते. रेनी बोर्जेस यांनी १९८० च्या दशकात भीमाशंकरच्या शेकरूंचा अभ्यास केला तो याच प्रश्नाचा: एका झाडाचा बहर संपल्यावर हा प्राणी पुढचे पोट कुठे भरतो. तेव्हा शेकरूचा तग उन्हाळ्यात ठरतो. ज्या मॉडेलमध्ये वार्षिक पाऊस हाच मुख्य आकडा असेल, ते शेकरूचे मॉडेल होणार नाही. आपण असे काम कोणाला सोपवाल तेव्हा पहिली अट हीच असावी, की कोरड्या काळाची लांबी आणि एप्रिल-मेची उष्णता यांना त्यात पहिले स्थान मिळावे.

हिमयुगातले शेकरू पाहून आज काय साधणार, असे कोणीही विचारील. साधते ते असे. शेकरू सह्याद्रीत आहे, सातपुड्यात पचमढीच्या परिसरात आहे, पूर्व घाटातही आहे. जमिनीवर क्वचितच उतरणारा हा प्राणी मधली कोरडी पठारे ओलांडून तिथे गेलेला नाही. कधीकाळी या डोंगररांगांमधली झाडी एकमेकींच्या अधिक जवळ होती, नंतर ती तुटली आणि शेकरूच्या वस्त्या आपापल्या डोंगरावर अडकून राहिल्या, हा सर्वांत सरळ खुलासा आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९४९ मध्ये सातपुड्याचा सेतू, म्हणजे प्राण्यांच्या प्रसाराची सातपुड्यावरून जाणारी वाट, कल्पिला तो अशाच तुटक वस्त्यांची उकल करण्यासाठी. नीलगिरीतल्या दलदलीत साचलेल्या पीटच्या थरांमधला कार्बन तपासून १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही दिसले, की सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, पावसाळा क्षीण होता तेव्हा, तिथे कोरड्या हवेतल्या गवतांचा वरचष्मा होता आणि पुढे ओलावा परतला. म्हणजे जंगल आकसते आणि पसरते, आणि त्याच्याबरोबर त्यातले प्राणीही सरकत असतात. भूतकाळाचे मॉडेल आपल्याला दाखवते की सगळा प्रदेश कोरडा पडला तेव्हा ओल कोणत्या खोऱ्यांत टिकून होती. पुढे पुन्हा ताण आला तर आसरा बहुधा तिथेच मिळेल. त्या खोऱ्यांना आज अभयारण्याची पाटी असो वा नसो, त्यांची किंमत इतर जंगलाहून वेगळी धरायला हवी.

तरी माझ्या मते सर्वांत मोलाचा भूतकाळ एवढा दूरचा नाही. तो शे-दोनशे वर्षांमागचा आहे, आणि त्याच्या नोंदी आहेत. विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३१ मध्ये दख्खनच्या प्राण्यांची नोंद करताना या शेकरूला मुंबईचे माजी गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. आजही सह्याद्रीतल्या आपल्या शेकरूच्या उपप्रजातीला ‘एल्फिन्स्टोनी’ म्हणतात. १९११ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी हाती घेतली. त्या काळातले नमुने, त्यांवरच्या चिठ्ठ्यांवरची गावे आणि तारखा आजही संग्रहालयांत आहेत. या जुन्या नोंदींवरून शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा काढावा आणि आजच्या नकाशाशेजारी ठेवावा. जिथे हवामान तेव्हाही योग्य होते, आजही आहे, पण शेकरू मात्र नाही, तिथे ते हवामानाने गेलेले नाही. तिथे कुऱ्हाड, वणवा, बंदूक किंवा रस्ता यांचा हात आहे. आपल्या उत्तर सीमेला लागून असलेल्या गुजरातच्या डांगमधून फिकट, पांढुरक्या रंगाच्या शेकरूची वेगळी उपप्रजाती विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८९७ मध्ये नोंदवली होती. गेली अनेक दशके ती कोणाला खात्रीने दिसलेली नाही, ती नामशेष झाली असेच मानले जाते. डांगला पाऊस अजूनही पडतो. अशी जागा हवामानाच्या मॉडेलमध्ये ठळक हिरवी उमटली तर मॉडेल चुकले असे होत नाही. प्राण्याचा हिशेब कुठे चुकला ते त्या हिरव्या रंगामुळेच कळते. तीन काळांचे नकाशे मी एकत्र मागतो ते यासाठी. एकटा भविष्याचा नकाशा हा अंदाज असतो. नजीकच्या भूतकाळाशी पडताळून पाहिला की त्याला वजन येते, आणि हवामानाने केलेले नुकसान कोणते व माणसाने केलेले कोणते, हे वेगळे करता येते.

आता भविष्य. हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाचा २०२१ चा अहवाल सांगतो, की दक्षिण आशियातला मोसमी पाऊस या शतकाच्या मध्यापासून पुढे वाढण्याकडे कल आहे. यावरून कोणी म्हणेल, पाऊस वाढणार असेल तर सदाहरित जंगलाला चांगलेच, मग काळजी कसली? कोरड्या काळाचा मुद्दा आधी मांडला तो या आक्षेपासाठीच. जुलैत आणखी हजार मिलिमीटर पडले तरी घाटमाथ्याच्या कातळावरून ते लवकरच वाहून जाते. त्याने मे महिन्यातल्या अंजनीला पाणी मिळत नाही. तापमान वाढेल तसा तोच कोरडा काळ झाडांना अधिक जड जाईल. उष्णता वाढली की प्राणी डोंगर चढून वर सरकतात, हा साऱ्या जगातला अनुभव आहे. पण आपल्या सह्याद्रीला वर सरकायला जागाच किती? कळसूबाई १६४६ मीटर, ती राज्यात सर्वांत उंच. भीमाशंकरचे जंगल आधीच माथ्यावर, हजार मीटरच्या आसपास बसलेले आहे. मुरूडजवळचे फणसाड, एके काळची जंजिऱ्याच्या नवाबाची शिकारीची राखीव, तिथेही शेकरू आहे. ते समुद्राच्या काठचे सखल जंगल आहे आणि त्याच्या व सह्याद्रीच्या मध्ये शेते, वस्त्या आणि रस्ते आहेत. दक्षिणेकडे, जिथे कोरडा काळ कमी होतो, तिकडची वाट मात्र आहे: मुळशी-ताम्हिणी, महाबळेश्वर, कोयना, चांदोली, राधानगरी, आंबोली आणि पुढे गोव्याची म्हादई. भविष्याचा नकाशा शेकरूला जायला सांगेल तो बहुधा याच वाटेने.

आणि इथे संगणकाचे काम संपून आपल्या खात्याचे सुरू होते, कारण मॉडेलमध्ये फांदी नसते. एक किलोमीटरची चौकट हिरवी दाखवली म्हणजे शेकरू तिथे पोचेल असे नाही. शेकरू फांदीवरून फांदीवर जाते. त्याची उडी फार तर सहा मीटरच्या आसपास. आपल्याकडे साध्या दुपदरी रस्त्याचा डांबरी पट्टाच सात मीटरचा असतो, बाजूपट्ट्या वेगळ्या, आणि रुंदीकरणात कडेची झाडे आधी जातात. वाघ असा रस्ता रात्री ओलांडतो. शेकरूला जमिनीवर उतरावे लागते, आणि जमिनीवर कुत्रे, वाहने, बिबट्या. वीजवाहिनीखालचा साफ केलेला पट्टा, पवनचक्क्यांसाठी कड्यावरून कापलेला रस्ता, धरणाचा फुगवटा यांनी मोडणारे जंगल क्षेत्रफळाच्या हिशेबात नगण्य दिसते. पाच-दहा हेक्टर, त्याची भरपाई म्हणून दुसरीकडे लागवड. पण ती पाच हेक्टर दोन हिरव्या चौकटींच्या नेमकी मध्ये असतील, तर दुसरीकडच्या पन्नास हेक्टरांनी ती भरून निघत नाही. वनजमीन वळवण्याच्या प्रत्येक प्रस्तावात आज क्षेत्रफळ आणि झाडांची संख्या विचारली जाते. या तुकड्याने वृक्षछत्र कुठे तुटते, आणि ते तुटणे शेकरूच्या आजच्या आणि उद्याच्या जागांच्या मध्ये येते का, हा प्रश्नही त्या अर्जात यावा. उत्तर द्यायला उपग्रहाची छायाचित्रे आज सहज मिळतात. रस्ता अटळ असेल तिथे दोन्हीकडची जुनी झाडे राखून त्यांचे शेंडे वर मिळतील असा तो अरुंद ठेवता येतो. दोराचे पूल हा शेवटचा उपाय, तोडलेल्या छत्राची माफी त्यातून मिळत नाही.

मॉडेल म्हणजे शेवटी तर्कच, त्यावर हद्दी कशा आखायच्या, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो मोडीत काढण्याची माझी इच्छा नाही. दोषांची यादी मलाच देता येईल. नोंदी बहुतेक रस्त्यांच्या आणि पर्यटनस्थळांच्या जवळच्या असतात, म्हणून शेकरूला रस्ता आवडतो असे मॉडेलला वाटू शकते. घरटी मोजून संख्या काढण्याची आपली रुळलेली रीतही अडचणीची आहे, कारण एकच शेकरू एकाहून जास्त घरटी बांधते आणि जुनी, सोडून दिलेली घरटीही झाडावर राहतात. पूर्वी कधीच नव्हते असे हवामान आले तर मॉडेलला त्याचा अनुभव नसतो. वेगवेगळी हवामान-मॉडेले एकाच खोऱ्याला वेगळे गुण देतात. हे सगळे खरे आहे. पण पर्याय काय आहे, तेही पाहावे. आजची हद्द २०७० पर्यंत चालेल असे धरणे हाही एक तर्कच आहे, फक्त तो कोणी लिहून ठेवत नाही आणि तपासत नाही. त्यातल्या त्यात तपासता येणारा तर्क घ्यावा. अनेक मॉडेले चालवावीत, ज्या खोऱ्यांवर बहुतेकांचे एकमत होते ती वेगळी काढावीत, जिथे मतभेद आहेत तिथला मतभेद नकाशावर छापावा, आणि जुन्या व नव्या नोंदींचा काही भाग मॉडेलपासून लपवून ठेवून त्यावर त्याची परीक्षा घ्यावी. शिवाय मी जे मागतो आहे ते चुकले तरी फारसे बिघडत नाही. नकाशाने दाखवलेल्या खोऱ्यात उद्या शेकरू गेले नाही, तरी तिथली जोडलेली झाडी, झरे आणि भीमेसारख्या नद्यांचे उगम राहतीलच. झाडी तोडली आणि नकाशा बरोबर निघाला, तर परत फिरता येत नाही.

शेकरूला जागतिक यादीत ‘कमी चिंतेची’ प्रजाती म्हटले आहे, मग एवढा खटाटोप कशासाठी, असेही म्हटले जाईल. ती नोंद साऱ्या भारतातल्या प्रजातीची आहे. त्याच यादीत संख्या घटत असल्याचेही लिहिले आहे. नीलगिरीतली शेकरे सुखरूप असल्याने भीमाशंकरची वाचत नाहीत, आणि डांगचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. प्रजाती कमी चिंतेची असतानाच तिचा एक टोकाचा वंश संपला.

सर्वांत जड आक्षेप जंगलात राहणाऱ्यांचा आहे, आणि तो योग्य आहे. आंबेगाव, खेड, जुन्नरच्या डोंगरातल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांना हिरव्या रंगाच्या नकाशाचा अर्थ आजवर एकच कळलेला आहे: बंदी. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा घ्या. २०११ चा गाडगीळ समितीचा अहवाल झाला, २०१३ चा कस्तुरीरंगन समितीचा झाला, २०१४ पासून केंद्राचे मसुद्यांवर मसुदे निघाले. जुलै २०२४ च्या मसुद्यात सहा राज्यांतले सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर आणि त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर आहेत. नकाशा वरून आला की तो अडतो, हे या सगळ्या प्रवासाने दाखवले आहे. शेकरूचा नकाशा उलट्या दिशेने न्यावा. हिरड्याचेच पाहा. बाळहिरडा हे त्या डोंगरातल्या घरांचे रोख उत्पन्न आहे, म्हणजे हिरड्याचे उभे झाड राखण्यात त्यांचा रोकडा फायदा आहे, आणि तेच झाड शेकरूच्या वाटेवरचे छत्र आहे. देवरायांचे तर सांगायलाच नको. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला तेव्हा, भोवतालचे जंगल गेले असताना जुने वृक्ष गावांनी राखलेल्या रायांतच उरलेले होते. मॉडेलमध्ये या राया घातल्या तर मोठ्या जंगलांच्या मधल्या उतारपेठा कुठे आहेत ते दिसेल. शेकरू कोणत्या राईत होते, केव्हापासून दिसेनासे झाले, हे गावातल्या म्हाताऱ्यांइतके कोणालाही ठाऊक नाही. ही माहिती नजीकच्या भूतकाळाच्या नकाशासाठी संग्रहालयातल्या चिठ्ठीइतकीच मोलाची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना आपले जंगल राखण्याचा अधिकार आहे. नकाशा मराठीत, गावनिहाय, अधिसूचनेच्या आधी त्यांच्यासमोर ठेवला जावा, आणि त्याच्या आधारे कोणालाही उठवले जाणार नाही हे त्यावर लिहिलेले असावे. ही अट पाळता येणार नसेल, तर नकाशा करूच नये, इतक्या स्पष्टपणे मी हे म्हणतो.

२०७० फार दूर आहे, असे आपल्या दालनात कोणी म्हणाले तर झाडाचे वय सांगावे. अंजनी फार सावकाश वाढते. या पावसाळ्यात लावलेले रोप छत्राला जाऊन मिळायला चाळीस-पन्नास वर्षे सहज लागतील, म्हणजे मॉडेलमधले ते दूरचे वर्ष आणि या रोपाचे ऐन वय एकच आहे. अभयारण्याचे व्यवस्थापन आराखडे दहा-दहा वर्षांचे असतात. त्या मुदतीत कुठलेही छत्र पूर्ण जुळत नाही, म्हणून जोडणीचे काम कोणत्याच आराखड्यात नीट बसत नाही आणि प्रत्येक वेळी पुढल्यावर ढकलले जाते. भीमाशंकर आणि फणसाडच्या पुढच्या आराखड्यांत पन्नास वर्षांचे एक प्रकरण घालण्याचा आदेश आपण द्यावा. त्यात भीमाशंकरपासून दक्षिणेकडे छत्र जिथे जिथे तुटले आहे त्या जागा खोऱ्यानिशी, रस्त्यानिशी नोंदवाव्यात, आणि कोणत्या जागी कोणती स्थानिक झाडे, कोणत्या ग्रामसभेच्या हातून लावायची ते ठरवावे. पहिल्या जागा शोधायला संगणकही लागणार नाही. घाटमाथ्यावरच्या वनरक्षकांना विचारले तर ते आजच सांगतील.

कळावे,

सह्याद्रीच्या जंगलांविषयी आस्था असलेला
एक नागरिक